सव्वादोनाचा हात

"आई, जरा तुझा हात दाखव. अख्खा पंजा. स्क्रीनला लावून," राधिका म्हणाली, तेव्हा सविताला वाटलं, पोरीला ऐन नवव्या महिन्यात बांगड्यांची आठवण झाली असावी. रविवारची सकाळ होती. सिंगापुरातल्या तोआ पायोहच्या आठव्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात कढईत तूप तापलं होतं, तुपात डिंक फुलत होता आणि लेकीच्या बाळंतपणाला न्यायच्या लाडवांची तयारी ओट्यावर पसरली होती. तिकडे ह्यूस्टनला अजून शनिवारची संध्याकाळच चालली होती. सवितानं गॅस बारीक केला, हात गाऊनला पुसला आणि फोनच्या काचेला पंजा लावला. पलीकडून राधिकानंही लावला. तिचे जागरणानं ओढलेले डोळे त्या पंज्यामागं दिसेनासे झाले आणि काचेवर नुसते दोन हात उरले, एक तूप लागलेला, एक कोरडा. "बघ, सेम टू सेम," राधिका म्हणाली. "सव्वादोनाचा हात. तूच म्हणतेस ना, आपल्याकडे बायकांचा हात सव्वादोनाच्या वर जातच नाही म्हणून. दुकानातला माणूस म्हणाला, लहान हाताला मोठी झेपत नाही. मग आता तूच सांग, दोन्हीतली कुठली घेऊ?" "कुठल्या बांगड्या?" सवितानं विचारलं. "बांगड्या नाहीत गं आई. गन," राधिका म्हणाली. कढईतला डिंक करपल्याचा वास आला तरी सविताचा हात काचेवरच राहिला.

झालं होतं ते असं. गेल्या पंधरवड्यात एका दुपारी राधिका घरात एकटी होती. कुशल, म्हणजे जावई, कामासाठी आठवड्यातले निम्मे दिवस दुसऱ्या गावी असतो. राधिका पाणी प्यायला उठली आणि तिला स्वयंपाकघराच्या मागच्या दाराची मूठ फिरताना दिसली. दाराच्या काचेपलीकडे एक माणूस उभा होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं, तिच्या पोटाकडे पाहिलं, मूठ सोडली आणि कसलीही घाई न करता अंगणातून चालत निघून गेला. पोलीस आले, त्यांनी काय चोरीला गेलं ते विचारलं. काहीच गेलं नव्हतं. झोप गेली ती कुठं नोंदवायची, असं राधिका त्या वेळी फोनवर हसत हसत म्हणाली होती, आणि सविताला ते हसणं अजिबात आवडलं नव्हतं. आता त्या दोघांनी ठरवून टाकलं होतं. कुशलचं म्हणणं मोठी घेऊ, हातात घट्ट बसते, नेम चुकत नाही. राधिकाला हवी होती छोटी, पलंगालगतच्या कप्प्यात मावणारी, घरी कोण आलं-गेलं तर कुणाच्या डोळ्यांवर न येणारी. बोट लावलं की उघडते अशी एक पेटीही तिनं बघून ठेवली होती. "तुझंही बोट त्यात नोंदवायचंय," ती म्हणाली. "तू येणार, सहा महिने राहणार. दिवसा घरात तू, मी आणि बाळ. म्हणून म्हटलं, तुझ्या हाताला बसेल ती घेऊ. कुशलपण म्हणाला, आईंना विचार, त्या सांगतील ती फायनल." कौतुकानं मान दिल्यासारखं बोलत होती पोर. सविता म्हणाली, "विचार करून सांगते," आणि म्हणता म्हणता तिच्या लक्षात आलं की बारशाची साडी विचारली असती तरी आपण हेच म्हणालो असतो.

श्रीनिवासनं, तिच्या नवऱ्यानं, मात्र हा विषय असा उचलला, जसा काही तो त्याचीच वाट बघत होता. उभा जन्म जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढलेला माणूस. आता बंदराजवळच्या ऑफिसात बसून इतरांच्या इंजिनांची काळजी वाहत होता आणि मनातून कंटाळला होता. यंत्र म्हटलं की त्याच्या अंगात येतं. जेवण होईपर्यंत त्यानं फोनवर ढीगभर व्हिडिओ पाहिले आणि मग सविताला समोर बसवून समजावू लागला. "छोटी म्हणजे सोपी असं नसतं, बरं का. जेवढी छोटी तेवढा तिचा हाताला झटका जास्त. नळी आखूड, पकड आखूड, करंगळीला जागाच उरत नाही." त्यानं टेबलावरचा टीव्हीचा रिमोट तिच्या हातात दिला. "हे असं धर. करंगळी कुठं गेली बघ." सवितानं रिमोट धरला. करंगळी खरोखरच अधांतरी राहिली. "तुम्हाला काय वाटतं, घ्यावी त्यांनी?" तिनं विचारलं. "एडनच्या बाजूनं जाताना चाच्यांच्या भीतीनं आमच्या जहाजावर बंदूकवाले गार्ड चढायचे," तो म्हणाला. "त्यांनी कधी एक गोळी झाडली नाही. पण ते वर आहेत म्हणून मी खाली झोपू शकायचो. पोरगी झोपत नाहीये, सवू. नवव्या महिन्यात झोपत नाहीये." रिमोट तिच्या हातात तसाच राहिला. कुठलंसं बटण दाबलं गेलं आणि टीव्हीवर कुणीतरी चिनी भाषेत स्वयंपाक करू लागलं.

दुपारी ती जरा लवंडली. बाहेर ऊन आणि पाऊस दोन्ही एकदम चालू होतं. समोरच्या घराचं लाकडी दार नेहमीसारखं सताड उघडं होतं, जाळीच्या फाटकाआडून शेजारच्या मलाय आजींचा रेडिओ ऐकू येत होता. इतकी वर्षं झाली या घरात, सविताच्या घराचंही दार दिवसा लागलेलं नसतं. खाली दुकानात जाताना ती कुलूप विसरते आणि परत आल्यावरच तिला ते आठवतं. या शहरानं तिची भीती कधी काढून घेतली ते तिला कळलंही नव्हतं. दुखणारा दात एक दिवस दुखायचा थांबतो आणि कधी थांबला ते सांगता येत नाही, तसं. बंदुकीच्या लोखंडाचा तो गार स्पर्श आपल्याला माहीत आहे, हेसुद्धा ती विसरून गेली होती. रेडिओ लांब लांब गेला, पावसाचा आवाज जवळ आला, मग तो पावसाचा राहिला नाही, उसाच्या रसाच्या कढईसारखा नुसता खदखदू लागला, आणि डोळे मिटल्या मिटल्या तिला मळीचा आंबूस वास आला.

साखर कारखान्याच्या कॉलनीतलं घर. तिचे वडील, आप्पा, कारखान्यात रोखपाल होते. पगाराच्या आदल्या दिवशी तालुक्याच्या बँकेतून रोकड आणायची म्हणून कारखान्यानं त्यांना परवाना काढून एक रिव्हॉल्व्हर घेऊन दिलं होतं. आप्पांसारख्या माणसाला! पालसुद्धा केरसुणीनं हळूच बाहेर काढणारा माणूस तो. पण रिव्हॉल्व्हर कमरेला लावलं की त्यांची चाल बदलायची. खांदे वर यायचे, आवाज खर्जात जायचा, जीपच्या ड्रायव्हरला ते अरे-तुरे करायचे. एरवी ते लोकरी मफलरीत गुंडाळून कपाटाच्या वरच्या फळीवर, चादरींच्या मागं असायचं. मुलांना ठाऊक नाही असं आप्पा समजत. सविता तेव्हा चौथीत होती आणि तिला अर्थातच ठाऊक होतं. घरात लपवलेली वस्तू मोठ्यांना सापडायला वेळ लागतो. मुलांना ती आपण होऊन सापडते. दुपारी माई, तिची आई, निजली की स्टुलावर चढून ती मफलरीत हात घालायची. ऐन उन्हाळ्यात ते गार असायचं. काढायची नाही, बघायचीही नाही, नुसता हात लावून उतरायची. वर्षातून एकदाच ते उघड्यावर येई, खंडेनवमीला. पाटावर आप्पांचं पेन, सविताचा कंपास, माईची विळी आणि शिवणयंत्राची कात्री यांच्या मधोमध ते ठेवलं जाई. माई त्याला पंचामृतानं अंघोळ घाली, मग हळदकुंकू, झेंडूचं फूल. आप्पा दरवर्षी कुरकुरत, "अगं, लोखंड आहे ते. कोरडी पूजा कर." आणि माई दरवर्षी म्हणे, "चांदीच्या बाळकृष्णाला दहीमध चालतं, मग हे काय देवापेक्षा मोठं लागून गेलंय?" आप्पा ते वरवर फडक्यानं पुसत आणि पुन्हा मफलर.

आणि मग ती पहाट. गाळपाचे दिवस, कॉलनीवर धुकं आणि धूर दोन्ही उतरलेले. त्या थंडीत घरफोड्या होत होत्या, दोन क्वार्टरं फुटली होती. मागच्या दाराची कडी वाजली. वाजली म्हणजे कुणीतरी ती बाहेरून चाचपत होतं. सविता जागी झाली तेव्हा आप्पा चादरींमागं हात घालत होते. त्यांनी खिडकी लोटली. अंगणात, न्हाणीघराच्या भिंतीला लागून, डोक्यावरून घोंगडी घेतलेलं कुणीतरी उभं होतं. आप्पांनी दोन्ही हातांनी रिव्हॉल्व्हर धरलं. "कोण आहे?" असं त्यांना म्हणायचं होतं, घशातून काही बाहेरच आलं नाही. त्यांनी चाप ओढला. चाप हलला नाही. त्यांनी पुन्हा ओढला, बोट पांढरं पडेपर्यंत ओढला. त्या निःशब्द ओढाताणीत घोंगडीतून एक बारीक आवाज आला, "वहिनी, दार उघड. मी अरू."

अरुणा आत्या, आप्पांची धाकटी बहीण. सासरी जाळायला निघाले होते म्हणून उसाच्या ट्रकमध्ये बसून पळून आली होती. ड्रायव्हरनं थंडीसाठी आपली घोंगडी दिली होती. भाऊ परत पाठवील या भीतीनं पुढच्या दारी न येता ती मागच्या दारी आली आणि हाक मारली तीही भावाला नाही. माईनं दार उघडलं. आप्पा खिडकीपाशी तसेच उभे होते. मग ते खाली बसले आणि मोठ्यानं रडले. बाप रडताना सवितानं पहिल्यांदा पाहिला, आणि नंतर कधीच नाही. आत्या परत गेली नाही. शिवण शिकली, कॉलनीतल्या बायकांचे ब्लाउज शिवून स्वतःच्या पायावर उभी राहिली, म्हातारी होऊन गेली. राधिकाच्या जन्माच्या वेळी तिनं माईच्या जुन्या पातळाची दुपटी शिवून सिंगापूरला पाठवली होती, इतकी मऊ की हात लावला तर हाताला काही लागतच नसे. त्यातलं एक सवितानं बॅगेत सगळ्यात खाली ठेवलं होतं, नातवंडासाठी. आणि घरात या प्रसंगाचा पुढं एक विनोद झाला. लग्नाकार्यात पंगत उठली की कुणीतरी म्हणायचं, माईचा भोळेपणा बघा, रिव्हॉल्व्हरला दहीमध घातलं आणि नणंद वाचली! सगळे हसायचे, आत्या सगळ्यात जास्त. माईही पदर तोंडाला लावून हसायची. आप्पा तेवढे हसत नसत, पानदान ओढून घेत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून येताना सविता ब्लॉकच्या खाली असलेल्या दुकानात शिरली. बादल्या, झाडू, छत्र्या, देवाच्या उदबत्त्या, बिस्किटं, सगळं एकावर एक रचलेलं आणि मध्ये खुर्चीत बसलेली चिनी आँटी. दारातच दोरीला खेळणी टांगली होती. त्यात साबणाचे फुगे सोडणारी एक गुलाबी बंदूक होती. सवितानं ती काढली आणि कुणी बघत नाहीसं पाहून मुठीत धरून पाहिली. करंगळी बसते का? बसत होती. पण ही लेकरांची वस्तू, हिच्यावरून काय कळणार? आपण साठीला आलेली बाई, सिंगापूरच्या लाल पासपोर्टवाली, खेळण्याच्या बंदुकीनं हाताचं माप घेतोय, हे जाणवून तिला स्वतःचंच हसू आलं. "फॉर ग्रँडचाइल्ड, आह?" आँटीनं विचारलं. "व्हेरी नाइस वन. आय शो यू." उत्तराची वाट न बघता तिनं बंदूक घेतली, तोंड वर करून उभी धरली, आणि बाटलीतलं साबणाचं दाट पाणी हलक्या हातानं तिच्यात ओतलं. थांबली. ते आत जाऊ दिलं. पुन्हा थोडं ओतलं, पुन्हा थांबली.

सविता त्या हाताकडे बघत राहिली. म्हाताऱ्या बाईचा तो लहानसा हात, ते तिरपं करणं, ते थांबणं. हे तिनं पाहिलेलं होतं. आँटीनं चाप दाबला आणि फुग्यांचा लोट दुकानाबाहेर, ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत गेला. दगडी टेबलाशी सोंगट्या खेळणाऱ्या म्हाताऱ्यांच्या डोक्यांवरून, सायकलींवरून, एकेक फुगा खांबाला टेकून नाहीसा होत गेला. सविताला मात्र पाट दिसत होता. माई देवांना घालायची ते पंचामृत पातळ असायचं, दूधच जास्त, चमचाभर दही, मध नावापुरता. रिव्हॉल्व्हरसाठी ती वेगळी वाटी करायची. त्यात दूध नसायचंच, मध आणि साखर, बोट घातलं तर बोटाला तार यावी इतकं दाट. आणि ती ते वरून घालत नव्हती. रिव्हॉल्व्हर डाव्या हातात उभं धरायची, फटीफटीतून ओतायची, थांबायची, आत जाऊ द्यायची, पुन्हा ओतायची, तोंडानं श्लोक चालू. देवांच्या पंचामृताचं तीर्थ सगळ्यांना मिळे. त्या वाटीचं तीर्थ कधी कुणाच्या हातावर पडलं नाही. वाटी ती स्वतः विसळायची. भोळी कुठली! दहा गावच्या सोयरिका जमवणारी बाई, दुधात पाणी किती ते नुसत्या रंगावरून सांगणारी, ती लोखंडात मध ओतल्यावर काय होतं ते जाणत नव्हती? "मिस, यू ओके?" आँटीनं विचारलं. सविता हो म्हणाली आणि तिथंच प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसली.

कारण अजून एक गोष्ट वर येत होती आणि तिला ती थांबवता येत नव्हती. अरुणा आत्या आली त्यानंतरचा दसरा. मधल्या काळात आप्पांनी रिव्हॉल्व्हर कोल्हापूरला नेऊन साफ करून आणलं होतं. दुरुस्ती करणाऱ्या माणसानं आतून काय काढलं ते त्याला दिसलंच असणार, आणि त्यानं आप्पांना सांगितलंच असणार. त्या खंडेनवमीला माई पाटापुढं बसली, देवांचं आटोपलं, आणि तिची दुसरी वाटी काही दिसेना. सगळे वाट बघत होते. तेवढ्यात आप्पा आतून आले. त्यांच्या हातात मधाची बाटली होती, महाबळेश्वरची, नवी कोरी, बूचही न काढलेलं. कधी आणली होती कुणास ठाऊक. त्यांनी ती माईपुढं ठेवली आणि म्हणाले, "हे घे. कमी पडायला नको." एवढंच. माईनं वर पाहिलं नाही. तिचे कान मात्र लाल झाले, हे सविताला आज, इतक्या लांबून, स्वच्छ दिसलं. आणि पुढच्या पगाराच्या आदल्या दिवशी आप्पा तेच रिव्हॉल्व्हर कमरेला लावून, खांदे वर करून जीपमध्ये बसले. चालणार नाही हे माहीत असून बसले. माईनं त्यांची हिंमत कधी काढून घेतली नव्हती. तिनं फक्त त्या हिमतीचा विषारी दात काढला होता.

घरी आल्यावर सवितानं भाजी निवडायला घेतली आणि सहज विचारावं तसं विचारलं, "काय हो, त्या गनच्या आत काही गेलं तर? म्हणजे धूळबिळ." श्रीनिवास खुलला. "नाजूक काम असतं ते. छोटीत तर जास्तच, आत जागाच नाही ना. तेलाचे दोन थेंब सोडले तर काही चालत नाही." "आणि समजा मध गेला?" "मध?" तो हसला. "मध गेला तर मग काय, शोपीस! शोकेसमध्ये ठेवायची." हसता हसता तो थांबला. बायकोकडे बघत राहिला. अरुणा आत्याची गोष्ट त्यानंही पंगतीत ऐकली होती, हसलाही होता. सविता खाली मान घालून मेथी निवडत राहिली. त्यानं मेथीची दुसरी जुडी आपल्या पुढ्यात ओढली.

पण एवढ्यानं भागत नव्हतं. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशीही सविता स्वतःशी भांडत राहिली. ऑफिसात आकडे डोळ्यांसमोरून वाहून जात होते. तो माणूस पुन्हा आला तर? खरोखरचाच आला, मूठ फिरवून न थांबता आत आला तर? लेक पेटीवर बोट ठेवील, हात लांब करील, आणि त्या हातात शोभेची वस्तू असेल, आणि हे केलेलं असेल तिच्या आईनं. आणि दुसरं चित्र त्याहून वाईट होतं. रोज जागरण होणाऱ्या घरात कुशल ठरल्यापेक्षा एक दिवस आधी परततो, बायकोची झोप मोडू नये म्हणून मागच्या दारानं येतो. किंवा सविताच स्वतः, बाळ रडतंय म्हणून अंधारात पाण्याचा पेला घेऊन उभी. किंवा चारपाच वर्षांनी स्टुलावर चढलेलं एक मूल, ज्याला आपोआप सगळं सापडतं. मागच्या दाराशी परका माणूस आयुष्यात एकदा उभा राहतो. आपलं माणूस तिथं रोज उभं असतं. माईला हे कळलं होतं. पण माई सुटली नव्हती. पगाराच्या आदल्या दिवशी आप्पा जीप घेऊन परत येईपर्यंत ती जेवत नसे, दिवे लागले तरी पाणीसुद्धा घेत नसे. लोक म्हणायचे, हिचा कसला तरी उपास आहे. सविताही तेच समजत आली होती. जिच्या हातानं नवऱ्याचं हत्यार मुकं झालं होतं, ती घास कसा गिळणार? जन्मभर तिनं ती भीती एकटीनं खाल्ली आणि पंगतीत सगळ्यांबरोबर हसली. सविताला माईची इतकी आठवण आली की तिनं टॉयलेटमध्ये जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

राधिकाचा फोन आला तेव्हा सविता तयार होती. पडद्यावर राधिका उशीला टेकून बसली होती, डोळ्यांखाली काळं. "बोल आई, कुठली?" सविता म्हणाली, "छोटी घे." "येस! कुशल, ऐकलंस का? आई म्हणते छोटी!" पलीकडून कुशलचा आवाज आला, "ओके, आईंचा हुकूम." राधिका बऱ्याच दिवसांनी नीट हसली. सवितानं ते हसू संपू दिलं. मग म्हणाली, "पण एक आहे. आपल्यात नव्या हत्याराला पूजेआधी हात लावत नाहीत. घेतलीत की पेटीत ठेवा, रिकामी. मी येईन, तिची पूजा मी करीन, माझ्या हातानं, माझ्या पद्धतीनं. तोवर तिला कुणी शिवायचं नाही." "आई, गाडीला नारळ फोडतात तसं?" "तसंच." "ओके बाबा, कर तुझी पूजा. मला त्याशिवाय बरंही वाटणार नाही," राधिका म्हणाली, आणि हे ती मनापासून म्हणाली. "आणि माझी गादी वरच्या खोलीत नको घालूस. स्वयंपाकघराच्या बाजूची जी खोली आहे ना, मागच्या दाराला लागून, तिथं घाल." "अगं, ती स्टोअररूम आहे. थंड असते. झोप नाही लागायची तुला तिथं." "नाही लागली तर नाही लागली," सविता म्हणाली. "तू झोप."

निघायच्या आधी राहिलेली खरेदी करायला दोघं खाली उतरली. अमेरिकेत मध मिळत नाही असं थोडंच आहे! पण लेकीच्या बाळंतपणाला निघालेली बाई सुंठेचा तुकडासुद्धा आपल्याच दुकानातला नेते. सवितानं फळीवरून मधाची बाटली उचलली, उजेडात धरली, आतला मध किती सावकाश कलतो ते पाहिलं आणि ती काउंटरवर ठेवली. श्रीनिवास पिशवी घेऊन मागं उभा होता. आँटीनं आधी बाटली पाहिली, मग सविताला, आणि तिचा चेहरा गंभीर झाला. "यू गोइंग टू सी द बेबी, राइट? लिसन, आह. हनी, बेबी कॅनॉट, यू नो. अंडर वन इयर, डॉक्टर से कॅनॉट. व्हेरी डेंजरस, लाह."

"आय नो, आँटी," सविता म्हणाली. "नॉट फॉर ईटिंग."

आँटीला काही कळलं नाही. श्रीनिवास पुढं आला. त्यानं फळीवरून दुसरी बाटली काढली, पहिलीच्या शेजारी ठेवली आणि बायकोकडे न बघता म्हणाला, "ही पण घे. कमी पडायला नको."